मदत हवी आहे: ग्रिंडेलवाल्डला आईसोबत कोणती वाट निवडावी?

मंडळी, जूनअखेरीस आईला घेऊन स्वित्झर्लंडमध्ये ग्रिंडेलवाल्डला मुक्काम आहे. आई राजगड चढलेली, दम भरपूर; पण आता उतारावर गुडघे दुखतात. म्हणून मॅनलिखेन ते क्लायने शायडेग ही साधारण साडेचार किलोमीटरची वाट मनात भरली आहे. उतार सौम्य आणि समोर सतत आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही शिखरं! फर्स्ट या रोपवेच्या वरच्या स्थानकाहून बाखआल्पझे तळ्याला जाऊन येणं सुमारे सहा किलोमीटर, पण २,२६५ मीटरवरच्या त्या तळ्याच्या वाटेवर तेव्हा बर्फ असतो का? आयगरच्या पायथ्याने जाणारा आयगर ट्रेल सोडूनच दिला. आल्पिग्लेनपर्यंत जवळजवळ ७०० मीटर उतरायचं, तिला नकोच. त्या दिवसांत गेलेल्यांनी वाटेची अवस्था जरूर सांगा. शिखरं मोकळी दिसावीत म्हणून सकाळी पहिल्याच रोपवेने वर जावं का?