कुष्ठाचा जंतू बशीत का वाढत नाही

‘क्षय आणि कुष्ठाचे जंतू जर चुलतभाऊ, तर क्षयासारखं कुष्ठाचं कल्चर (म्हणजे प्रयोगशाळेत बशीत जंतू वाढवून पाहणं) का करत नाहीत?’ हा प्रश्न भारी आहे. करत नाहीत कारण होतच नाही. हॅन्सन या डॉक्टरने नॉर्वेत कुष्ठाचा जंतू १८७३ साली पाहिला, म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू दाखवला त्याच्या ९ वर्षं आधी. तरी आजवर कुणालाही तो बशीत वाढवता आलेला नाही. त्याची ढीगभर जनुकं निकामी झालीत, दुसऱ्याच्या पेशीत शिरून आयतं खातो. शेवटी संशोधकांनी तो उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलोत वाढवला (आपल्या खवले मांजराची आठवण करून देणारा अमेरिकेतला प्राणी). का, तर याला थंडावा लागतो. म्हणूनच माणसातही कानाची पाळी, नाक, कोपराजवळची नस अशा गार जागा धरतो.

आणि सुस्ती तर विचारू नका. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला साधारण २० तास घेतो, हा जवळजवळ दोन आठवडे! लक्षणं दिसेपर्यंत वर्षं उलटतात. त्यामुळे निदान बधिर चट्टा, जाड झालेली नस आणि कातडीच्या स्मिअरवरूनच (कातडीला बारीक चीर देऊन काढलेला द्राव काचेवर पसरून तपासणं).

जाता जाता, कुष्ठाच्या गोळ्या चालू असलेल्यांसाठी: रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. काहीजण घाबरून तिथेच औषध सोडतात. सोडू नका, औषधं पूर्ण झाल्यावर रंग हळूहळू उतरतो. नसेचं झालेलं नुकसान मात्र बहुतेकदा भरून येत नाही.