सिनेटची स्क्रीन कुणी वाचतच नाही, काढून टाकू का?

अर्धवट_कक्षा:
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून एक टर्न-बेस्ड स्पेस स्ट्रॅटेजी गेम बनवतोय (गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, एकटाच, ग्राफिक्स म्हणाल तर गोल आणि रेघा). लढाईचा भाग बरा जमलाय असं खेळणारे म्हणतात. अडलंय ते राजकारण आणि बाजार या दोन्हीत.

सध्या असं आहे, तुमच्या साम्राज्यात पाच गट, खाणवाले, फौजवाले, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सीमेवरचे वसाहतवाले. दर दहा टर्नला सिनेट बसते, तीन ठराव येतात, तुम्ही एक निवडायचा, त्याने कुणी खूश होतं कुणी नाराज, आणि खूश गट बोनस देतो, म्हणजे खाणवाले खूश तर खनिज १० टक्के जास्त वगैरे. बाजारात खनिज, इंधन आणि धान्य, भाव ठरलेले, थोडे रँडम वरखाली होतात.

आता मित्रांना खेळायला दिलं तर सगळ्यांचा खेळ एकसारखाच. सुरुवातीलाच धान्याचे दोन ग्रह बळकावायचे, जास्तीचं धान्य विकत बसायचं, त्या पैशातून जहाजं. सिनेट आली की न वाचता सगळ्यात मोठा हिरवा आकडा दाबून मोकळे. एकाने तर विचारलं की ही स्क्रीन स्किप करायचं बटण कुठंय. तर सिनेट उडवू का? की अजून गट, अजून ठराव घालून भरगच्च करू? जे वाटतं ते तोंडावर सांगा.

तिसरा_चंद्र:
अजून गट तर मुळीच घालू नकोस, पाच न वाचणारा माणूस नऊ काय वाचणार.

तुझ्या सिनेटमध्ये गमवायला काहीच नाही, सगळी घोडचूक तिथे आहे. तिन्ही ठराव फुकट आहेत, मग मोठा आकडा दाबणं हेच शहाणपण. स्टेलॅरिस हा अंतराळ साम्राज्याचा गेम खेळला असशीलच, त्यातला इन्फ्लुअन्स, म्हणजे राजकीय वजनाचं चलन, बघ. नवीन सिस्टीममध्ये चौकी उभारायची तर इन्फ्लुअन्स, शेजाऱ्याच्या हद्दीवर दावा सांगायचा तर इन्फ्लुअन्स, गॅलेक्टिक कम्युनिटीत, म्हणजे सगळ्या साम्राज्यांच्या सभेत, ठराव मांडायचा तरी तोच. साठवून साठवून १००० च्या वर जात नाही. त्यामुळे ठराव मांडताना डोक्यात येतं की अरे एवढ्यात तर पलीकडची सिस्टीम आली असती. एकाच खिशातून राजकारण आणि जमीन, मग माणूस आपोआप वाचायला लागतो.

आणि स्टेलॅरिसवाल्यांनीच हे एकदा सैल पण केलंय. आधी गट खूश असले की इन्फ्लुअन्स यायचा, म्हणजे गट बिथरले की तुझा विस्तारच अडायचा. फेब्रुवारी २०२२ च्या ३.३ अपडेटला तो बदलून गटांकडून युनिटी हे दुसरंच चलन यायला लागलं. हिशेब नीट बसला, एडिक्ट (सरकारी फर्मानं) वगैरे सुटसुटीत झाले, मान्य आहे, पण माझ्या मते तेव्हापासून गटांची भीती गेली. मी आता गटांचा टॅब उघडतो तो काहीतरी लाल दिसलं तरच.

दुसरं म्हणजे तुझं खनिज कुठेच फाटा फुटत नाही. २०१८ च्या डिसेंबरात स्टेलॅरिसचं २.२ आलं तेव्हा इमारती बसवायचे ग्रहावरचे ते चौकोन गेले आणि लोकांना नोकऱ्या आल्या, त्यावर बरीच बोंबाबोंब झाली होती, पण त्यातली एक गोष्ट मला अजून आवडते. खनिजापासून एक तर अलॉय बनवा म्हणजे जहाजं, नाही तर कन्झ्युमर गुड्स बनवा म्हणजे घरात बसलेली जनता शांत. वर इकॉनॉमिक पॉलिसी, मुलकी की लष्करी की मधली, आणि एकदा बदललीस की गेममधली दहा वर्षं हात लावायचा नाही. तुझ्या फौजवाल्यांचं आणि व्यापाऱ्यांचं भांडण खरं तर या फाट्यावर व्हायला पाहिजे, +१० टक्क्यांवर कोण कशाला भांडेल.

फासे_आणि_फरसाण:
मी व्हिडिओ गेमवाला नाही, बोर्डवाला. ट्वायलाइट इम्पीरियमची चौथी आवृत्ती कुणाकडे तरी मिळवून एकदा खेळ, पूर्ण रविवार जाईल पण खेळ. त्यात प्रत्येक ग्रहाला दोन आकडे असतात, रिसोर्स आणि इन्फ्लुअन्स, आणि ग्रहाचं कार्ड एकदा वापरून पालथं केलं की दोन्हींपैकी एकच मिळतं. जहाज बांधलंस तर त्या ग्रहाचा इन्फ्लुअन्स गेला. मतदान पण ग्रह पालथे करूनच करायचं, म्हणजे मत द्यायचं तर पुढच्या फेरीचं उत्पादन गमवायचं, हेच वर चंद्र म्हणताहेत ते.

व्यापाराचं तर फारच सुंदर आहे. कमोडिटी तुझ्याकडे पडून असतील तर तुला शून्य उपयोग. शेजाऱ्याला दिल्यास तर त्याच्या हातात त्या ट्रेड गुड्स होतात, म्हणजे पैसा. त्यामुळे ज्याच्या सीमेवर तोफा लावल्यात त्याच्याशीच बोलावं लागतं. आमच्याकडे दोघं जण टेबलवर एकमेकांना शिव्या घालत घालत तीन-तीन कमोडिटी अदलाबदल करत होते, कारण न करणं दोघांना परवडत नव्हतं. तुझ्या बाजारात समोर माणूसच नाहीये, धान्य विकलं ते नक्की खातंय कोण?

नियमावली_पान_उलटा:
फासे, एक दुरुस्ती. मतदानाने पुढच्या फेरीचं उत्पादन जात नाही. अजेंडा फेज, म्हणजे मतदानाचा टप्पा, संपला की ग्रह परत सरळ होतात. खरी गोची वेगळी आहे, एका बैठकीत दोन ठराव येतात आणि पहिल्यावर पालथे केलेले ग्रह दुसऱ्याला वापरता येत नाहीत. दुसरा ठराव काय निघणार ते सहसा माहीत नसतं. म्हणून लोक पहिल्याला हात राखून मतं देतात आणि तिथेच सगळं ब्लफिंग चालतं. आणि हे सगळं सुरूच होतं कधी, तर कुणीतरी सहा इन्फ्लुअन्स मोजून मेकाटोल रेक्स या नकाशाच्या मधल्या ग्रहावर उतरल्यावर. तोवर सिनेट नाहीच.

धागाकर्त्याला यातून घेण्यासारखं हेच की पहिल्या टर्नपासून सिनेट दाखवू नकोस. आणि तीन ठराव एकत्र दाखवण्यापेक्षा एकामागून एक आण.

बैलगाडी_ते_वॉर्प:
एक मिनिट, सगळे खर्चाचंच बोलताय. मला वाटतं गटांना मालमत्ता नाही हा खरा घोळ आहे. खाणवाले खूश म्हणून खनिज वाढतं हे काय लॉजिक? खाणी कुणाच्या आहेत? आपल्याकडे बघा की, साखर कारखान्याचा चेअरमन आणि आमदार बऱ्याचदा एकच घर असतं, त्यामुळे उसाचा भाव हा विषय बाजाराचा राहतच नाही, तो निवडणुकीचा होतो. तसं कर. प्रत्येक खाण, प्रत्येक गोदी कुठल्यातरी गटाच्या मालकीची ठेव. त्या गटाच्या जेवढ्या खाणी तेवढी त्यांची सिनेटमध्ये मतं. मग खेळाडूने लोभाने खाणी वाढवल्या की खाणवाले आपोआप डोईजड. तू काही स्क्रिप्ट करायची गरजच नाही. धान्याचे दोन ग्रह घेणाऱ्याला वसाहतवाले असा धडा शिकवतील की पुन्हा नाव काढणार नाही.

तिसरा_चंद्र:
+१. स्टेलॅरिसमध्ये याचं अर्धं रूप आहे, राहणीमान कुठलं ठेवतोस त्यावर वरच्या थराच्या लोकांचं राजकीय वजन ठरतं. पण गॅलेक्टिक कम्युनिटीत मात्र मताचं वजन आरमार, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान यावरून, म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. जो आधीच जिंकतोय तोच ठराव पण जिंकतो. हे टाळ, मतं मालकीवर ठेवलीस तर निदान खेळाडू मोठा झाला की त्याचा एखादा गट पण मोठा होतो.

आणि प्रत्येक माणूस वेगळा सिम्युलेट करण्याच्या फंदात पडू नकोस. त्यांनी तसं केलं आणि गेममधल्या शेवटच्या शंभर वर्षांत कॉम्प्युटर रखडायचा, शेवटी २०२५ च्या मे मध्ये ४.० ला सगळ्यांना गटागटाने मोजायला लागले.

जिता_चार_चार:
ईव्ह ऑनलाइनवाला (हजारो लोक एकत्र खेळतात तो अंतराळाचा गेम) आलोय, शिव्या नंतर घाला. तुझ्या बाजाराबद्दल. भाव ठरलेले आणि रँडम हलणारे हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन, कारण खेळाडूच्या कृतीचा भावावर परिणामच नाही. कितीही धान्य ओत, भाव तोच, मग विकत बसणारच ना. प्रत्येक विक्रीला भाव थोडा पडू दे आणि हळूहळू मूळ पातळीवर परत येऊ दे. स्टेलॅरिसच्या बाजारात हेच आहे, वर सुरुवातीला ३० टक्के फी. ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी (२०१६, मंगळावरची) तर पूर्ण यावरच उभी आहे, सैन्यच नाही, एकमेकांचे शेअर विकत घेऊन जिंकायचं.

पण त्याहून महत्त्वाचं, तुझ्या गेममधून पैसा बाहेर कुठून जातो? येतो ते कळलं. ईव्हमध्ये एनपीसी (कॉम्प्युटर चालवतो ते शत्रू) मारल्याचं बक्षीस म्हणून पैसा येतो आणि ब्रोकर फी, विक्रीकर, ब्लूप्रिंट (जहाजं वगैरे बनवायचे आराखडे) यातून जातो. कंपनीने २००७ मध्ये एक खराखुरा अर्थतज्ज्ञच नोकरीला ठेवला होता या कामाला. आणि देखभालीचं बिल हे मेकॅनिक म्हणून कंटाळवाणं वाटतं ना, तर ईव्हमधली, बी-आर५आरबी या सिस्टीममधली जानेवारी २०१४ ची लढाई वाचून काढ. एका बाजूचं त्या सिस्टीमच्या हक्काचं बिल भरायचं राहिलं, ताबा गेला, समोरचे चालून आले, जवळपास दिवसभर मारामारी आणि ७५ टायटन, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं, राख. डेव्हलपरने ते युद्ध लिहिलेलं नव्हतं, त्यांनी फक्त बिल ठेवलं होतं.

अर्धवट_कक्षा:
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. मालकीवरून मतं हे लगेच करून बघतो, डेटा तसा तयारच आहे, प्रत्येक खाणीला एक कॉलम वाढवायचा. खनिजाचा फाटा पण घेतो. धान्य कोण खातंय याला सध्या खरंच उत्तर नाहीये, कुणीच खात नाही, आकड्यातून आकडा वजा होतो.

एकच शंका. भाव विक्रीने हलायला लागले तर खेळाडूला ते रँडमच वाटणार नाही का? एआय साम्राज्यं पण विकणार, सगळं मिसळून जाणार.

जिता_चार_चार:
वाटणार, तू दाखवलं नाहीस तर. भावावर माउस नेला की सरळ ओळी छाप, "तुम्ही ४० विकलं म्हणून -६, उत्तरेच्या साम्राज्याचा दुष्काळ +९, परतीचा कल -१". कुठल्या साम्राज्याने काय केलं ते नावानिशी. लोक त्या दुष्काळवाल्याला धान्य रोखून धरायचा विचार करायला लागले तर समज बाजार चाललाय.

फासे_आणि_फरसाण:
आणि रोखून धरलं की वसाहतवाले बोंबलले पाहिजेत, गोदामातलं धान्य त्यांचं आहे. आणि ते स्किप बटण विचारणाऱ्या मित्रालाच पहिल्यांदा खेळायला बसव, बाकीचे तुला बरं वाटावं म्हणून बोलतील.