घर विकण्यासाठी तीन एजंटांपैकी कोणाची निवड करावी?

प्रश्न

आई-वडिलांच्या पश्चात आम्हा भावंडांकडे आलेले घर विकायचे ठरले असून त्यासाठी आम्ही तीन एजंटांशी बोललो. दोघांनी सांगितलेल्या किमती एकमेकींच्या जवळपास आहेत. तिसऱ्याने मात्र त्यांच्यापेक्षा साधारण १५ टक्के अधिक किंमत येईल असे ठामपणे सांगितले आणि सहा महिने दुसऱ्या कोणालाही काम न देण्याचा करार लगेच करावा अशी अट घातली. भावाचा कल त्याच्याकडे आहे. माणूस बोलायला चांगला आहे, परंतु तेवढ्यावर इतका मोठा व्यवहार सोपवणे मला पटत नाही. एजंटाची पारख नेमकी कशावरून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

घराची किंमत शेवटी खरेदीदार देतो, एजंट नव्हे. त्यामुळे आकडा फुगवून सांगण्यात एजंटाचे काही जात नाही आणि काम मात्र पदरात पडते. नव्याने विक्रीला आलेल्या घराकडे पहिल्या काही आठवड्यांत खरेदीदारांचे सर्वाधिक लक्ष असते. नेमक्या त्याच काळात ते जादा किमतीमुळे लोकांच्या यादीतून गळते, मग बाजार थंड असल्याचे सांगून किंमत उतरवायला लावली जाते, आणि तोपर्यंत इतके दिवस न विकल्या गेलेल्या घरात काहीतरी खोट असावी असा समज झालेला असतो.

म्हणून तिघांनाही विचारा, की हा आकडा कशावरून काढला? उत्तरात त्याच परिसरात अलीकडे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाच्या आणि तितक्याच जुन्या घरांच्या नोंदणीकृत किमती यायला हव्यात. जाहिरातींतील किमती पुरावा म्हणून स्वीकारू नका, कारण त्या विक्रेत्यांच्या अपेक्षा असतात. एजंटाने स्वतः विकलेल्या घरांची सुरुवातीला मागितलेली किंमत आणि हाती आलेली किंमत यांत किती अंतर होते, हेही विचारा. न विकल्या गेलेल्या घरांबद्दल जो मोकळेपणाने बोलतो, त्याच्यावर माझा अधिक विश्वास बसतो. तिसरा एजंट हे सारे दाखवू शकला, तर त्याचा आकडा खराही असू शकेल.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, पण धोक्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एजंटांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळाली. याचे कारण दलालीच्या हिशेबात आहे. दलाली २ टक्के असेल, तर आणखी थांबून मिळालेल्या प्रत्येक १०० रुपयांतील ९८ मालकाचे आणि २ एजंटाचे. थांबण्याचे कष्ट आणि खर्च मात्र बऱ्याच अंशी एजंटाच्या वाट्याला येतात. त्यामुळे करारापूर्वी सर्वांत मोठा आकडा सांगणारी व्यक्तीच पुढे पहिल्या बऱ्या प्रस्तावाला होकार द्यावा म्हणून आग्रह धरू शकते.

सगळे एजंट अप्रामाणिक असतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण येणारा प्रत्येक प्रस्ताव, तो कितीही कमी असला तरी, लेखी स्वरूपात तुमच्यापर्यंत पोहोचवण्याची अट आग्रहाने घालावी. केवळ दलाली कमी घेतो म्हणून एजंट निवडण्याच्या मी विरोधात आहे. स्वतःच्या मोबदल्याबद्दल नीट बोलणी न करू शकणारा तुमच्या किमतीसाठी किती ताणून धरेल, याची मला शंका वाटते.

प्रश्नकर्ती

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. मग एकाच एजंटाशी करार करणे मुळातच चुकीचे आहे का? आणि खरेदीदारही त्याच एजंटाने आणला, तर तो नेमका कोणाच्या बाजूने बोलेल?

प्रतिसाद ३

एकाच एजंटाला काम देण्यात काही गैर नाही, उलट पुष्कळदा ते हिताचे ठरते. आपले कष्ट वाया जाणार नाहीत याची खात्री असल्यामुळे तो छायाचित्रे, जाहिरात आणि घर दाखवण्याची व्यवस्था मनापासून करतो; चौघांना काम दिले, तर कोणीच जबाबदारी घेत नाही आणि एकच घर चार ठिकाणी चार किमतींना झळकते. हरकत असावी ती सहा महिन्यांच्या मुदतीला आणि घाईला. मुदत दोन-तीन महिन्यांची ठेवा, काम समाधानकारक नसल्यास लेखी सूचना देऊन करार संपवण्याची तरतूद करा, आणि मुदत संपल्यावर तो आपोआप वाढणार नाही हे स्पष्ट लिहून घ्या.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विक्रेत्याला जास्तीत जास्त आणि खरेदीदाराला कमीत कमी किंमत हवी असताना एकाच व्यक्तीने दोघांच्याही हिताची बाजू पूर्ण निष्ठेने मांडणे मला अशक्य वाटते. ब्रिटनमध्ये १९७९ च्या इस्टेट एजंट कायद्यानुसार व्यवहारात एजंटाचा वैयक्तिक हितसंबंध असेल, तर बोलणी सुरू करण्यापूर्वी तो उघड करावा लागतो. तुमच्याकडील नियम काहीही असले, तरी खरेदीदाराकडून दलाली घेणार का, आणि खरेदीदार त्याचा नातेवाईक किंवा भागीदार असल्यास ते आधी सांगणार का, या दोन प्रश्नांची उत्तरे करारातच घ्यावीत. एजंटाच्या परवान्याची किंवा नोंदणीची खातरजमा तर संबंधित प्राधिकरणाकडून करावीच.

आणखी एक कलम बारकाईने वाचावे. करार संपल्यानंतर ठरावीक काळात एजंटाने आधी घर दाखवलेल्या व्यक्तीने ते विकत घेतल्यास दलाली द्यावी लागेल, अशी अट अनेक करारांत असते. ती रास्त आहे, परंतु त्या व्यक्तींच्या नावांची यादी करार संपतानाच लेखी मागून घ्या. नाहीतर पुढे नवा एजंट नेमल्यावर एकाच विक्रीसाठी दोघांनाही दलाली देण्याची वेळ येऊ शकते.