मिकोशी : पालखी, मेणा की रथ?

प्रश्न : तोक्योच्या असाकुसा देवळातल्या सांजा मात्सुरीवर लिहिते आहे. मे महिन्यातला हा उत्सव. 'मिकोशी'ला मी 'वाहून नेण्याचे देवालय' असं लिहिलंय, पण ते दाताखाली खड्यासारखं येतं. 'रथ' चालेल का?

— रथ नको. रथाला चाकं असतात, तो ओढायचा. तशा गाड्यांना जपानीत 'दाशी' म्हणतात. मिकोशी खांद्यावरच जाते. 'मि' आदरार्थी आणि 'कोशी' म्हणजे माणसांनी वाहायचं आसन, म्हणजे आपली पालखीच की! ७४९ साली उसा गावचा हाचिमान देव नारा इथे तोदाइजी या बौद्ध मंदिरातल्या महाबुद्धासाठी आला तो जांभळ्या पालखीतून. मिकोशीची सुरुवात तिथूनच सांगतात.

— थोडं अडतं. आपल्या पालखीत पादुका किंवा मुखवटे दिसतात. मिकोशी बंद असते: छप्पर, दारं, वर सोनेरी होओ, म्हणजे पुराणकथेतला पक्षी. आत मूर्ती नसते. उत्सवाआधी पुजारी देवाचा 'मितामा', म्हणजे देवाचा अंश, तिच्यात आणतात. मग 'मेणा' का नको?

— रचनेनं मेणाच जवळचा, खरं आहे. पण मेण्यातून लेकीसुना जायच्या. 'देवाचा मेणा निघाला' हे माझ्या कानाला पटत नाही.

— ताई, मी रत्नागिरीकडची. माझ्या मते नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं. शिमग्यात आम्ही पालखी नेत नाही, नाचवतो. मिकोशीही अशीच वरखाली हिंदकळवतात. त्याला 'तामाफुरी' म्हणतात. त्यानं देवाचं तेज वाढतं अशी श्रद्धा. तेव्हा 'मिरवतात' लिहू नका, 'नाचवतात' लिहा. आणखी एक: वाटेत मिकोशी जिथे मुक्कामाला बसते ते 'ओताबिशो'. आमच्याकडे पालखी बसते ती सहाण. तिथेच बायका ओटी भरायला येतात. हा शब्द वापराच! खाली टेकवायच्या लाकडी आधाराला ते 'उमा' म्हणतात, म्हणजे घोडा. आपल्या सुताराचीही घोडीच असते.

पालखी नाचवून आलेल्या माझ्या भावाच्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी दांड्याचा लालभडक वळ असतो, सदरा घालवत नाही. वर्षानुवर्षं मिकोशी वाहणाऱ्यांच्या खांद्यावर तर गाठच येते, तिला 'मिकोशी-दाको' असं नाव आहे. आपला 'घट्टा' तिथे चपखल बसेल.

— 'देऊळ' मात्र जपून. शेजारचं सेन्सोजी बौद्ध आहे, असाकुसा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं. ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाची मूर्ती आली. ते दोघे आणि त्यांना तिची महती सांगणारा हाजी नो नाकातोमो हेच असाकुसाचे देव. वास्तू १६४९ची, तेव्हाचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा इएमित्सूनं बांधवलेली. सेन्सोजीला 'विहार' म्हटलंत तर गोंधळ टळेल.

विचारणारी : सर्वांचे आभार. पहिल्या उल्लेखाला 'मिकोशी', पुढे 'पालखी'. वाक्य असं केलंय : 'रविवारी पहाटे देवळाच्या तिन्ही थोरल्या पालख्या बाहेर पडतात आणि "सोइया, सोइया"च्या गजरात गल्लोगल्ली नाचतात.'