३३ चे टायर टाकले, आता क्राउन-पिनियन कुठला घेऊ?

चिखलवेडा
मंडळी मदत करा. आधी २९ इंची टायर होते, आता ३३ चे टाकलेत, दिसते भारी पण गाडीचा दमच गेला राव. चढ लागला की पाचव्यातून चौथा मग तिसरा, आणि लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) दगडांवर अर्धा क्लच दाबूनच चढवावी लागते, मग तो जळका वास... डिफ (अॅक्सलवरचा डिफरन्शिअल, ज्यात क्राउन-पिनियन हे दोन गिअर असतात) ३.७३ चा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ३.७३ फेरे; गिअर मॅन्युअल. कोणी ४.१० म्हणतं कोणी ४.५६, एकाने तर थेट ४.८८ सांगितला. हायवेलाही हीच गाडी असते.

जुनापाना
साधं त्रैराशिक आहे रे. ३.७३ गुणिले ३३ भागिले २९, येतं ४.२४. म्हणजे ४.२७ मिळाला तर गाडी होती तशी होईल, ४.१० थोडा कमीच पडेल. आत्ता तू जुन्या टायरवर ३.२८ चा डिफ असल्यासारखी चालवतोयस, दम राहील कसा. पण हे झालं नुसत्या उंचीचं, मोठा टायर जड पण असतो, वर विंच-बंपर असेल तर तेही वजन, म्हणून मी ४.५६ घेतला. टॉप गिअर ०.८ चा धरला तर १०० च्या स्पीडला आधी इंजिन साधारण २१५० आरपीएमवर असेल, ४.५६ ने २३१० होईल, एवढं चालतं. ४.८८ ला २४७० च्या पुढे, रोज हायवे असेल तर कान किटतील. शिवाय पिनियन बारीक होत जातो, ३.७३ ला ११ दात तर ४.८८ ला ८ च.

डिफवाला_दादा
+१. फक्त पुढचा-मागचा दोन्ही डिफ एकदमच बदल, एकच बदलून फोर बाय फोर टाकलास तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या अॅक्सलला जोर वाटणारी पेटी) वाट लागेल. हाउसिंगमधला कॅरिअर (ज्यावर क्राउन बसतो तो) नवीन रेशोला चालतो का तेही आधी बघ, काहींना तो पण बदलावा लागतो. आणि फिटिंग जाणत्याकडूनच, माझ्यावेळी मिस्त्रीने दातांना रंग लावून ते एकमेकांना कुठे टेकतात तो पॅटर्न बघितलाच नाही, अॅक्सिलरेटर सोडला की हूंऽऽऽ असा आवाज, ८०० किमीला तेल काढलं तर चकचकीत चुरा. परत सगळं खोलून शिम (गॅप बसवायच्या पातळ चकत्या) बदलले तेव्हा कुठे गप्प झाला.

जुनापाना
हो आणि टायरवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नकोस, खडूने खूण करून चाकाचा एक फेरा मार, अंतर मोज, ३.१४ ने भाग. जुना टायर पण तसाच मोज नाहीतर हिशोब चुकेल.

चिखलवेडा
जुने विकले पण स्टेपनी अजून २९ चीच आहे, तीच लावून मोजतो. मग ४.५६ च बघतो बहुतेक.

डिफवाला_दादा
मोजायला लाव, पण पंक्चर झालं म्हणून ती लावून फोर बाय फोरमध्ये जाऊ नकोस बाबा, दोन वेगळे डिफ असल्यासारखंच होईल ते. पहिली स्टेपनी बदल.