मुंग्या दिसल्या की लगेच पावडर नको

झाडाकडे बचावाला काटे, चीक आणि कडवटपणा असतो हे खरंच. पण त्यालाच जोडून 'चवळीच्या शेंगांवर मुंग्या दिसल्या की कीटकनाशक पावडर धुरळा' असा जो सल्ला दिला जातो, तो अजिबात पटत नाही. चवळी राखणीसाठी मुंग्यांना स्वतःहून बोलावते. आमच्या तासगाव भागात बांधावर घरापुरती चवळी असतेच. ऊन चढायच्या आत शेंगेचा दांडा हातात धरून टोकाशी नीट बघा. फुलांच्या जोडीमध्ये बारीक फुगीर ग्रंथी दिसतील आणि त्यांवर चकचकीत थेंब. हा गोड रस फुलातला नाही, परागीभवनाशी त्याचा संबंध नाही. त्यावर मुंग्या येतात, तशाच अळ्यांमध्ये अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्याही येतात. फूल गळून शेंग धरली तरी तो पाझरत राहतो, म्हणजे शेंग कोवळी असतानाच राखण मिळते. एरंडाच्या पानाच्या देठावरही अशा ग्रंथी असतात. कित्येक झाडांत तर पान कुरतडलं गेलं की हा पाझर वाढतो.

मात्र कोवळ्या शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) बसला असेल तर गणित उलटतं. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यालाच सांभाळतात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून आधी शेंडे तपासा. मावा थोडा असेल तर तेवढाच शेंडा खुडा. पावडरीने ढालकिडे आणि त्या गांधीलमाश्याही मरतात.