विसरभोळं मूल म्हणजे लाडावलेलं मूल?

टिळकनगरची आई
काल इथे एका काकांनी लिहिलं, "हल्लीची पोरं विसरभोळी नाहीत, लाडावलेली आहेत. दोन दिवस डब्याशिवाय राहिली की सगळं आठवतं." वाचून डोकं फिरलं. माझी मुलगी आठ वर्षांची. बोलता बोलता मध्येच थांबायची, नजर एकटक, पापण्या फडफडायच्या. दहाएक सेकंदांत पुन्हा बोलणं सुरू, आणि मधलं काहीच आठवायचं नाही. शाळेच्या वहीत शेरा: 'लक्ष नसते'. तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं. ही येत नव्हती. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तिला जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि तिथेच झटका आला. फिटचाच प्रकार निघाला. हिला उपाशी ठेवून काय आठवणार होतं?

जुना रामबागकर
आजाराबद्दल मी बोललोच नव्हतो. सगळीच मुलं आजारी नसतात. खरं कारण वेगळंच आहे. इथे इंदुरात घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. कळतच नाही तर लक्ष कुठून लागणार?

सुदामानगर
भाषेला कशाला ओढता? माझ्या मुलाला तिन्ही येतात, तरी वस्तू हरवतात. घरी, शाळेत, आजीकडेही. डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं, एकाच ठिकाणी होतं की सगळीकडे? एडीएचडी निघालं, म्हणजे लक्ष टिकवणंच अवघड जातं. दंगा करत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला शंकाच आली नाही.

जुना रामबागकर
तिन्ही येतात? इंदुरातली मुलं 'मला भूख लागली' म्हणतात. गणपतीतल्या नाटकाला मराठी वाचणारं पोर मिळेना, हे आम्ही दरवर्षी बघून राहिलोय.

सुदामानगर
भूख म्हणू दे, आजीशी मराठीत बोलतो ना! तुमची नातवंडं पुण्यात राहून तुमच्याशी इंग्रजीत बोलतात, हे तुम्हीच लिहिलं होतं.

जुना रामबागकर
माझ्या नातवंडांना मध्ये आणायचं कारण नाही.

राजवाड्याची मावशी
भांडा नंतर. कान तपासलेत का कुणी? माझा भाचा पाठमोरं बोललं की उत्तर द्यायचा नाही, टीव्ही मोठा लावायचा. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. त्याआधी बिचाऱ्याने 'ऐकत नाही' म्हणून मार खाल्ला.

जुना रामबागकर
ठीक आहे, झटक्याचं आणि कानाचं मान्य. मराठीचं मी मागे घेणार नाही.

टिळकनगरची आई
नका घेऊ. पण डब्याचा सल्ला तेवढा काढून टाका, काका. कुणीतरी खरंच करून बघेल.